नाइफचा के आणि नांवावरचे टिंब

‘स्पेलिंग’ या शब्दाला मराठीत रुळलेला प्रतिशब्द नाही, आणि तो घडवावा अशी निकडही कोणाला वाटलेली दिसत नाही. ‘वर्णलेखन’ असा शब्द कोणी सुचवील. पण शेजारच्या मुलाला ‘या शब्दाचे वर्णलेखन सांग’ असे म्हणून पाहा. तो आधी तुमच्या तोंडाकडे पाहील. कारण उघड आहे. देवनागरीत शब्द सांगताना अक्षरांची नावे घ्यावी लागत नाहीत. ‘कमळ’ कसे लिहायचे असे कोणी विचारले, तर आपण ‘कमळ’ हाच शब्द जरा सावकाश म्हणतो. फार तर वेलांटी पहिली की दुसरी, एवढा खुलासा होतो. इंग्रजीत शब्द एक, त्याचे स्पेलिंग दुसरे आणि त्याचा मराठी अर्थ तिसरा. तिन्ही एका दमात लक्षात राहावेत म्हणून आपल्या शाळांनी एक तिपेडी दोरी वळली : के एन आय एफ ई नाइफ, नाइफ म्हणजे सुरी. वर्गाबाहेरून जाणाऱ्यालाही ती पाठ होत असे.

ही घोकंपट्टी आपली नव्हे. इंग्लंड-अमेरिकेतली मुलेही शतकानुशतके आधी अक्षरांची नावे मोठ्याने घेत आणि मगच शब्द उच्चारत. नोहा वेबस्टर यांचे स्पेलिंगचे पुस्तक १७८३ मध्ये निघाले. निळ्या पुठ्ठ्यामुळे पुढे ते ‘ब्लू-बॅक्ड स्पेलर’ म्हणून ओळखले जाऊ लागले, आणि अमेरिकेच्या कित्येक पिढ्यांनी ते असेच घोकले. मुंबई इलाख्यात हावर्डची रीडरे आली, मग घरोघरी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आली; पुस्तके बदलली, ताल तोच राहिला. मी १९८०च्या सुमारास पाचवीत इंग्रजी शिकू लागलो, तेव्हाही तोच होता.

या पाठांतरात एक शब्द वारंवार यायचा : सायलेंट. ‘के सायलेंट’, ‘बी सायलेंट’, ‘जीएच सायलेंट’. तो अक्षर का आहे हे सांगत नव्हता. ते बोलायचे नाही, पण लिहायला विसरायचे नाही, एवढी ताकीद देत होता. आमच्या वर्गातल्या एका मुलाने के एन डबल ई हा शब्द वाचून ‘क्नी’ असा उच्चार केला. सरांनी त्याला उरलेला तास त्याच अवयवावर उभे केले आणि त्या दिवसापासून वर्गात त्याचे नाव ‘क्नी’ पडले. दहावीला तो इंग्रजीत दोनदा बसला आणि दोनदा राहिला. गणितात तो माझ्या पुढे असे, हे येथे नोंदवून ठेवतो.

पुढे तालुक्याच्या एका पतसंस्थेत जमाखर्च लिहीत असताना मला कोश वाचण्याचा नाद लागला. भाषाशास्त्र मी कोणत्या वर्गात शिकलेलो नाही. वाचनालयातून घरी आणलेल्या आणि बसून उतरवून घेतलेल्या व्युत्पत्तिकोशांतून जे गवसले तेवढेच माझे भांडवल. त्यातले पहिले गवसले ते हे, की त्या मुलाचा उच्चार पाचशे वर्षांपूर्वीच्या लंडनमध्ये बरोबर ठरला असता. जुन्या इंग्रजीत गुडघ्याला ‘क्नेओ’ म्हणत आणि त्यातला ‘क’ स्वच्छ ऐकू येई. सुरीला ‘क्नीफ’ म्हणत. सरदार-योद्धा या अर्थाचा जो नाइट, तो मुळात ‘क्निख्त’, म्हणजे पोरगा, नोकर. इंग्रजीने हा ‘क’ सोडायला सतराव्या शतकाची अखेर उजाडावी लागली. जर्मन माणूस आजही गुडघ्याला ‘क्नी’च म्हणतो आणि स्वीडनमध्ये सुरी मागायची तर ‘क्नीव’ असेच मागावे लागते.

आणखी मागे गेले की हा ‘क’ आपल्याच उंबऱ्याशी येतो. इंग्रजी आणि संस्कृत या एकाच आदिम भाषेच्या दूरच्या लेकी. त्या मूळ भाषेतला ‘ग’ च्या जवळपासचा एक ध्वनी संस्कृतात ‘ज’ झाला आणि इंग्रजीच्या घराण्यात ‘क’ झाला. म्हणून नी या शब्दातला न बोलणारा के म्हणजे संस्कृत ‘जानु’ मधला ज. आजानुबाहू म्हणताना आपण जो ज उच्चारतो, तोच तिकडे मुका होऊन बसला आहे. ‘जाणणे’ या अर्थाच्या नो या क्रियापदातला के हा ‘ज्ञा’ धातूतला ज. येथे आणखी एक गंमत आहे. ज्ञ हे जोडाक्षर ज आणि ञ यांचे. पण मराठी माणूस ‘ज्ञान’ लिहितो आणि ‘द्न्यान’ बोलतो, हिंदीवाला ‘ग्यान’ बोलतो. म्हणजे जाणण्याचा हा शब्द दोन्ही घरांत लिहिला जातो एक आणि बोलला जातो दुसरा. आपण मात्र हसतो फक्त इंग्रजांना.

एकदा ही नजर बसली की मुकी अक्षरे ओळख देऊ लागतात. कोंब म्हणजे कंगवा. त्यातला शेवटचा बी कोणी बोलत नाही, पण संस्कृतात ‘जम्भ’ म्हणजे दात आणि कंगवा म्हणजे दाते असलेली वस्तू. तो बी म्हणजे जम्भ मधला भ. डॉटर या शब्दाच्या पोटात जीएच गप्प आहे, आणि ‘दुहितृ’ मध्ये नेमका त्याच जागी ह आहे. रात्रीचा जो नाइट त्यातला जीएच म्हणजे ‘नक्त’ मधला क. एट मधला जीएच म्हणजे ‘अष्ट’ मधला ष. दोन या अर्थाचा टी डब्ल्यू ओ घ्या. त्यात डब्ल्यू कशाला, असे प्रत्येक मूल विचारते. तो ‘द्वि’ मधला व आहे. आणि ट्विन, ट्वेल्व्ह, ट्वेंटी या त्याच्या भावंडांत तो अजून खणखणीत बोलतो. पाचवीच्या वर्गात एवढे एक वाक्य कोणी सांगितले असते, तर टू चे स्पेलिंग घोकावे लागले नसते.

स्कॉटलंडच्या बोलीत रात्रीचा हा जीएच मेला नाही. तिथे आजही ‘निख्त’ ऐकू येते. मुंबईत इंग्रजी शिक्षणाचा पाया घालणाऱ्यांत स्कॉटिश मिशनरी ठळक आहेत. १८२९ मध्ये आलेले जॉन विल्सन, ज्यांच्या शाळेतून आजचे विल्सन कॉलेज उभे राहिले, ते स्कॉटलंडच्या सीमाभागातल्या लॉडर गावचे. त्यांच्या गावच्या बोलीत जे अक्षर बोलके होते, तेच येथील मुलांना मुके म्हणून शिकवले गेले असणार. हा माझा तर्क आहे. पण प्रमाणभाषा म्हणून जी शिकवतात ती शिकवणाऱ्याच्याही घरची असतेच असे नाही, हे आपल्या ग्रामीण भागातल्या कोणत्याही शिक्षकाला विचारावे.

येथवर सगळे सुरळीत आहे. मुके अक्षर म्हणजे जुन्या उच्चाराचा अवशेष, असा सिद्धांत मांडून मोकळे व्हावेसे वाटते. पण माझ्या रोजच्या कामातले दोनच शब्द त्याच्या आड येतात : कर्जाचा डेट आणि पावतीची रिसीट. माझी निम्मी हयात या दोन शब्दांत गेली, म्हणून त्यांच्याबद्दल जरा विस्ताराने लिहितो.

डेट चे स्पेलिंग डी ई बी टी. त्यातला बी इंग्रजांनी कधीच उच्चारला नव्हता. हा शब्द फ्रेंचांकडून आला तेव्हाच तो ‘देत्त’ असा, बी शिवाय आला, आणि इंग्रजीतही कित्येक पिढ्या तसाच लिहिला गेला. फ्रेंच लोक आजही त्यात बी घालत नाहीत. मग पंधराव्या-सोळाव्या शतकांत लॅटिनचे वेड वाढले. विद्वानांच्या लक्षात आले की हा शब्द लॅटिन ‘देबितुम्’ वरून निघालेला आहे. मग मूळ पुरुषाची खूण म्हणून त्यांनी त्यात बी बसवला. संशयाच्या डाउट मध्येही ‘दुबितारे’ वरून तसाच बी आला. रिसीट मध्ये लॅटिनच्या आधाराने पी घुसला. तिच्याच नात्यातले डिसीट आणि कन्सीट हे दोन शब्द मात्र पी शिवाय सुटले. का सुटले याला काही नियम नाही. पावती लिहिताना पी घालायचा आणि फसवणूक लिहिताना घालायचा नाही, हे ज्याचे त्याने पाठ करायचे.

मराठी वाचकाला हे तद्भव-तत्समाच्या भाषेत लगेच कळेल. समजा, उद्या एखाद्या पंडिताने फर्मान काढले की ‘हात’ हा शब्द ‘हस्त’ वरून आला असल्यामुळे यापुढे तो ‘हास्त’ असा लिहावा. बोलताना मात्र ‘हात’ च म्हणावे. जो ‘हात’ लिहील त्याचा एक गुण कापावा. डेट, डाउट आणि रिसीट यांच्या बाबतीत जे झाले ते अक्षरशः हेच.

त्याहून वाईट म्हणजे या पंडितांचे कुळ शोधणेही पुष्कळदा चुकले. बेटाला आयलंड म्हणतात. जुन्या इंग्रजीत तो ‘ईग्लंड’ असा अस्सल घरचा शब्द होता. त्याचा लॅटिन ‘इन्सुला’ शी काही संबंध नाही. पण शेजारचा आइल हा शब्द इन्सुला वरून आलेला, त्यात एस घातला गेला, आणि दिसायला सारखा म्हणून आयलंडलाही तो चिकटला. विळ्याच्या मोठ्या भावाला, लांब दांड्याच्या गवतकापणीच्या हत्याराला, साइद म्हणतात. त्यातला सी असाच ‘कापणे’ या अर्थाच्या लॅटिन शब्दाच्या भ्रमातून आला. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ च्या कोशात तो सी शिवाय दिला होता, तरी पुढे सी च जिंकला. टार्मिगन नावाचा एक पक्षी आहे. त्याचे नाव स्कॉटिश गेलिक भाषेतले, पण ते ग्रीक असावे असे समजून पुढे पी लावला. अंगठ्याच्या थम मध्ये आणि अवयवाच्या लिम मध्ये पूर्वी बी नव्हता. मेंढीच्या कोकराला लॅम मध्ये तो होता म्हणून यांनाही मिळाला. कुड मधला एल तर निव्वळ पंगतीचा पाहुणा : शुड आणि वुड यांच्यात एल मूळचा आहे, तिसरा शेजारी बसला म्हणून त्यालाही वाढला. भुताच्या घोस्ट मधला एच इंग्लंडात पहिला छापखाना काढणाऱ्या विल्यम कॅक्स्टनच्या काळचा. कॅक्स्टन १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छपाई करू लागला. त्याआधी तो बराच काळ ब्रूजला होता, आणि तिकडच्या फ्लेमिश लेखनाच्या सवयीने तो एच आला असे मानतात.

तेव्हा मुक्या अक्षरांत दोन जाती आहेत. एक, जी कधीकाळी बोलत होती आणि थकून गप्प झाली. दुसरी, जी आली तीच मुकी. कोणाच्या तरी विद्वत्तेचा बिल्ला म्हणून. पहिल्या जातीत भाषेचा इतिहास आहे. दुसरीत फक्त लिहिणाऱ्यांचा इतिहास आहे. पण शाळेच्या फळ्यावर दोन्ही एकाच पांढऱ्या खडूने लिहिली जातात, आणि मुलाला दोन्हींसाठी मार सारखाच बसतो. माझा सगळा राग आहे तो या ठिकाणी.

दुसऱ्या जातीची ही अक्षरे इंग्रजांनाही निमूट गिळवली नव्हती. जॉन हार्ट नावाच्या गृहस्थाने १५५१ च्या हस्तलिखितात आणि १५६९ च्या छापील पुस्तकात जादा अक्षरांची झाडाझडती घेतली. डाउट मधला बी त्याच्या आरोपींत आहे, पीपल मधला ओ सुद्धा. आणि शेक्सपिअरने या पंडितीची रंगभूमीवर टर उडवली. ‘लव्हज् लेबर्स लॉस्ट’ हे नाटक १५९८ मध्ये छापले गेले. त्यात होलोफर्निस नावाचा एक शाळामास्तर आहे. लोक डेट आणि डाउट हे शब्द बी न उच्चारता बोलतात, अर्ध्याच्या हाफ मधला आणि वासराच्या काफ मधला एल खातात, याचा त्याला संताप येतो. प्रेक्षक हसत होते ते त्याला. त्याचा संताप ज्यांच्यावर, त्या लोकांना नव्हे. आपल्याकडे ही हसण्याची दिशा उलटी झाली. होलोफर्निसच्या हाती छडी आली आणि वर्ग ‘क्नी’ ला हसू लागला.

मुक्या अक्षराला वाचा फुटल्याचीही उदाहरणे आहेत. चूक, दोष या अर्थाचा फॉल्ट पूर्वी एल शिवाय ‘फॉट’ असा बोलला जाई. एल पंडितांनी लॅटिन पाहून घातला, आणि पुढच्या पिढ्यांनी वाचून वाचून तो बोलायलाच सुरुवात केली. अ‍ॅडव्हेंचर मधला डी आणि पर्फेक्ट मधला सी यांचीही हीच गोष्ट. नेहमी, वारंवार या अर्थाचा ऑफन आपण बहुतेक सगळे ‘ऑफ्टन’ म्हणतो. खुद्द इंग्लंडमध्येही टी उच्चारणारे थोडे नाहीत. म्हणजे अक्षर पाहून उच्चार करणारा शिकाऊ माणूस दरवेळी हरतोच असे नाही. पुरेशी माणसे एकाच रीतीने चुकली की कोशकार नवा उच्चार छापतो. बुधवारच्या स्पेलिंगसाठी आपली मुले मनातल्या मनात ‘वेड-नेस-डे’ म्हणतात, लिहून झाले की बाहेर ‘वेन्सडे’ म्हणतात. ही युक्ती त्यांना कोणी शिकवावी लागत नाही. वोडन या देवाचा तो वार. डी मूळचाच आहे, तेव्हा इतिहासही या बाबतीत मुलांच्या बाजूचा आहे.

मग ही अक्षरे काढून का टाकली नाहीत? प्रयत्न पुष्कळ झाले. वेबस्टर यांनी म्युझिक आणि पब्लिक यांच्या शेपटीचा के छाटला, आणि तो सगळ्या जगाने छाटला. पण जिभेच्या टंग ला त्यांनी सुचवलेले टी यू एन जी हे सुटसुटीत रूप त्यांच्याच देशबांधवांनी नाकारले. १९०६ मध्ये अँड्र्यू कार्नेगी यांच्या पैशावर सुलभ स्पेलिंगसाठी एक मंडळ निघाले, आणि राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्याच्या ३०० शब्दांची नवी रूपे सरकारी छापखान्याला लागू केली. वर्तमानपत्रांनी त्यांची इतकी रेवडी उडवली आणि प्रतिनिधिगृहाने इतका विरोध केला, की वर्ष संपायच्या आत त्यांना माघार घ्यावी लागली. ग्रंथालयांत पुस्तकांना दशांश क्रमांक देण्याची पद्धत ज्यांची, ते मेलव्हिल ड्यूई याच पंथाचे. त्यांनी आपल्या नावातली शेवटची दोन जादा अक्षरे कापलीच, काही काळ आडनावही डी यू आय असे तीन अक्षरांत लिहिले. ज्या वाचनालयात बसून मी हे वाचले तेथील कपाटांवर त्यांचेच आकडे होते. ब्रिटिश पार्लमेंटमध्ये १९४९ साली स्पेलिंग सुधारण्याचे विधेयक ८४ विरुद्ध ८७ अशा तीन मतांनी पडले. तीन मते! नाहीतर आमच्या पाचवीचे पुस्तक कदाचित वेगळे असते.

इंग्रजीत हे जमत नाही, कारण इंग्रजीला एक घर नाही. कोणाच्या उच्चाराप्रमाणे लिहायचे? लंडनच्या, एडिनबराच्या, की बोस्टनच्या? फैसला देणारी अकादमीही नाही. बर्नार्ड शॉ यांनी तर आपल्या मृत्युपत्रात नव्या वर्णमालेसाठी पैसे ठेवले. ते १९५० मध्ये वारले. पुढे स्पर्धा होऊन वर्णमाला तयार झाली आणि १९६२ मध्ये ‘अँड्रोक्लिस अँड द लायन’ हे त्यांचे नाटक पेंग्विनने त्या लिपीत छापले. मूक अक्षर त्यात एकही नाही. वाचणारेही जवळजवळ नाहीत.

हे १९६२ साल मराठी माणसाने लक्षात ठेवण्यासारखे आहे. आपले मुके अक्षर आपण त्याच वर्षी काढले.

पन्नाशी-साठी उलटलेल्या वाचकांच्या घरी वडिलांची-आजोबांची पत्रे असतील, ती काढून पाहा. ‘कांहीं’, ‘नांव’, ‘गांव’, ‘पांच’, ‘घरांत’, ‘मीं’, ‘केलें’. टिंबांचा नुसता पाऊस. देशावर बोलताना त्यातली बहुतेक टिंबे कोणी उच्चारत नव्हते. ती पाठ करावी लागत. नपुंसकलिंगी शब्दावर द्यायचे, अमुक विभक्तीत द्यायचे, संस्कृतात अनुनासिक असेल तर द्यायचे. आणि संस्कृतात काय होते हे ज्याच्या घरी माहीत असे त्याला ते सोपे जाई, बाकीच्यांनी पट्ट्या खायच्या. विसाव्या शतकाच्या आरंभी साने, गोडबोले आणि हातवळणे यांनी लेखनसुधारणा सुचवली आणि टिळकांनी १९०४ मध्ये ‘केसरी’ त त्या वादात लेख लिहिले, इतका हा प्रश्न तापलेला होता. अखेर १९६१ मध्ये स्थापन झालेल्या मराठी साहित्य महामंडळाने १९६२ मध्ये १४ नियम ठरवले, १९७२ मध्ये आणखी ४ जोडले. उच्चारात नसलेले अनुस्वार, व्युत्पत्तीने सिद्ध होत असोत वा नसोत, देऊ नयेत असे ठरले. राज्य शासनाने नियम मान्य केले, पाठ्यपुस्तके त्याप्रमाणे छापली गेली, आणि एका पिढीत टिंब गेले. इंग्रजीजवळ जे नव्हते ते आपल्याजवळ होते : नियम करणारी एक संस्था, ती मानणारे एक सरकार, आणि सगळ्या शाळांत जाणारे एकच पुस्तक.

ती टिंबेही दोन्ही जातींची होती. ‘पांच’ वरचे टिंब म्हणजे ‘पञ्च’ मधला ञ, ‘दांत’ वरचे ‘दन्त’ मधला न, ‘नांव’ वरचे ‘नाम’ मधला म. या नांव शब्दाशी मी नेहमी थबकतो. इंग्रजी नेम हा त्याचाच सख्खा. जुन्या इंग्रजीत तो ‘नामा’ होता. शेवटचा स्वर झिजून गेला आणि त्याच्या जागी न बोलणारा ई उरला. एकाच मूळ शब्दाच्या दोन वंशजांपैकी एकाने शेवटच्या स्वराची आठवण ई मध्ये ठेवली, दुसऱ्याने मधल्या म ची आठवण टिंबात. इंग्रजीचा ई टिकला, कारण त्याला मधल्या काळात दुसरे काम मिळाले : मागचा स्वर कसा वाचायचा ते तो सांगतो. मॅड ला ई लावला की मेड होते. रिचर्ड मल्कास्टर या लंडनच्या हेडमास्तरने १५८२ मध्येच या ई ची अशी वकिली करून ठेवली होती. आमच्या टिंबाला असे काम मिळाले नाही.

मिळाले होते, असे कोणी म्हणेल. नांव म्हणजे नाम आणि नाव म्हणजे होडी, हा फरक टिंब दाखवीत होते. रात्रीचा नाइट आणि सरदाराचा नाइट यांत के जो फरक दाखवतो, तोच हा. इंग्रजी स्पेलिंगचे समर्थक हा मुद्दा हमखास काढतात : के काढला तर रात्र आणि सरदार यांचा घोटाळा होईल. त्यांना मराठीचा दाखला द्यावा. आपण साठ वर्षांहून अधिक काळ दोन्ही शब्द एकसारखे लिहितो आहोत, आणि ‘तुझे नाव काय’ असे विचारल्यावर कोणी होडी दाखवलेली नाही. उलट एके ठिकाणी टिंब गेल्याने स्पष्टता आली. पूर्वी एका घरातही ‘घरांत’ आणि अनेक घरांतही ‘घरांत’ च. आता एकवचनी टिंब गेले आणि अनेकवचनी राहिले, त्यामुळे फरक डोळ्यांना दिसतो.

नुकसान झालेच नाही असे मी म्हणणार नाही. ‘ती मुलगी’ आणि ‘तीं मुलें’ यांतला भेद गेला. जुन्या छापाची कादंबरी आजच्या मुलाच्या हाती दिली तर तो दुसऱ्या पानावर अडखळतो. आणि जे आपण मुके समजलो ते सगळीकडे मुके नव्हतेच. शेजारच्या कोंकणीत ‘नांव’ आणि ‘गांव’ हे शब्द आजही नाकातून बोलले जातात आणि टिंब देऊनच लिहिले जातात. पणजीच्या बाजारात कान दिला तरी पुरे. स्कॉटलंडमधला ‘निख्त’ आणि गोव्यातला ‘नांव’ यांचे दुःख, किंवा सुख, एकच आहे. पुण्या-मुंबईच्या उच्चाराने नियम झाला, कोकणातल्या कित्येक बोलींना त्यात कोणी विचारले नाही. तरीही मला मत विचाराल तर मी १९६२ च्या बाजूने हात वर करीन. व्युत्पत्ती सांगणे हे कोशाचे काम. पाचवीतल्या मुलाने ती प्रत्येक शब्दागणिक डोक्यावर वाहायची गरज नाही.

इंग्रजीत तसे होणार नाही, तेव्हा निदान शिकवताना तरी दोन जाती वेगळ्या सांगता येतील. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीतच इंग्रजी आले; म्हणजे नाइफचा के आता अकरा वर्षांच्या नव्हे, सहा वर्षांच्या मुलाला भेटतो. आमच्या तालुक्यातल्या दोन-तीन शिक्षकांना मी हे जानु-ज्ञान-द्वि चे नाते कागदावर लिहून दिले आहे. त्यांतल्या एका बाई सांगत होत्या, टू मधला डब्ल्यू ‘द्वि’ चा व असे फळ्यावर लिहिले तेव्हा एका मुलीने लगेच विचारले, मग डेट मधला बी कोणाचा? बाईंनी ‘एका हुशार माणसाचा’ असे उत्तर दिले, आणि वर्ग बराच वेळ हसत होता.

नियम होऊन इतकी वर्षे झाली, तरी टिंब पुरते गेलेले नाही. लग्नपत्रिकांत, दुकानांच्या पाट्यांवर ‘गांव’ अजून दिसते. आमच्या पतसंस्थेच्या कर्जाच्या अर्जावर पहिल्या ओळीत ‘अर्जदाराचे संपूर्ण नांव’ असे छापलेले होते. जुन्या ब्लॉकवरून वर्षानुवर्षे तोच अर्ज निघत असे. नवे अर्ज संगणकावर करायचे ठरले तेव्हा मजकूर तपासायचे काम माझ्याकडे आले. डेट मधला बी आणि रिसीट मधला पी मी जागच्या जागी आहेत ना ते पाहिले, आणि नांवावरचे टिंब खोडून कागद छापायला पाठवला.